कुरसाजवळची खुर्ची

पेटीची कडी खट्कन वाजली आणि झोळीतलं तान्हं दचकलं. नाताळच्या मिस्सावरून सगळी नुकतीच घरी आली होती. फिलूने एका हाताने झोळी हलवत मागे पाहिलं. सासू पेटीपुढे वाकून इनासचा काळा कोट बाहेर काढत होती. लग्नातला. तिने तो झटकला, तशा डांबराच्या गोळ्या सारवलेल्या जमिनीवर घरंगळत गेल्या.

थोरली रेजीन त्यांच्यामागे धावली आणि परत येऊन कोटापाशी थांबली.

"आजी, मी घालू?"

"हात न्हाय लावायचा. तुझा पापा आला का घालंल."

पोर हे उत्तर पावसाळ्यापासून ऐकत होती. फिलूचा नवरा इनास आगबोटीवर आगवाला, भट्टीत कोळसा घालणारा. फिलूला सहावा महिना होता तेव्हा तो मुंबईहून गेला. बोट एडनला पोचल्याचं कळलं. पुढचं काही नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, वाट बघा. सासू वाट बघत होती, चूल पेटवावी तशी, रोज, त्यात काही विशेष नसल्यासारखी. संध्याकाळी इनासची थाळी मांडायची, सगळ्यांची जेवणं झाली की उचलून ठेवायची. फिलूच्या मनात भलतंसलतं येई. ती थाळी दिसली की निवे.

"माय, कोट कशाला?"

"फोटूत सगली पायजेत. त्याची जागा ठेवली न्हाय तर आल्यावर मलाच बोलंल."

अलिबागचा दयाराम फोटोवाला कोर्लईच्या ख्रिस्ती देवळासमोर तिकाटणं रोवून बसला होता. बाळ येशूच्या गोठ्यापुढे फोटो काढायला अर्धी वाडी नटून आलेली. फिलू बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती. मध्येच रेजीनची वेणी सोडून पुन्हा घाली, मध्येच समुद्राकडे बघून येई.

"फिलू, उभी रहा गो एका जाग्यावर," शेजारची साबीन म्हणाली. "टोपलीतल्या कोलंबीसारखी काय उडतंस?"

त्यांची पाळी आली तेव्हा ऊन नेमकं डोळ्यांवर आलं होतं आणि बाळाने सूर लावला. दयारामने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं.

"इथं फोटोची काच फुकट जाईल, बाई. त्या खालच्या कुरसापाशी चला, सावली आहे. लवकर मात्र. रेवदंड्याची होडी माझ्यासाठी थांबायची नाही."

किल्ल्याच्या पायथ्याचा कुरूस, म्हणजे दगडी क्रूस, चुन्याने पांढराशुभ्र केला होता. त्याला पताका होत्या, झेंडूचे हार होते. सासू बाकड्यावर बसली. शेजारी देवळातून आणलेली खुर्ची, तिच्या पाठीवर कोट. सासूने खांदे नीट बसवले, वरचं बटण लावलं. बाळाला घेऊन फिलू मागे उभी राहिली, रेजीन पुढे.

दयाराम कापडाखाली गेला आणि लगेच बाहेर आला. त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग फिलूच्या कडेवरच्या तान्ह्याकडे. अलिबागेत, पेणेत असे फोटो त्याने कितीतरी काढले होते: खुर्चीवर पागोटं किंवा कोट, आणि भोवती घरची माणसं. त्याने वहाणा काढून ठेवल्या. कुरसावरचा एक हार उतरवला, अनवाणीच पुढे आला आणि हलक्या हाताने तो कोटाला घातला. जरा वेळ मान खाली घालून उभा राहिला, मग यंत्रापाशी गेला.

फिलूचा हात हाराकडे गेला, पण अर्ध्यावर थांबला. आता माय बोलेल. गावभर ऐकू जाईल असं बोलेल, त्या बिचाऱ्याला होडी गाठेपर्यंत पळवेल. फिलू वाट बघत राहिली.

सासू हाराकडे बघत होती. कॉलरखाली एक फूल अडकलं होतं. तिने ते बोटाने सोडवलं. मग हाराची दोन्ही टोकं खाली ओढून सारखी केली.

"माय."

"हलू नको, बाय. फोटू बिघडंल."

सासूचा हात कोटाच्या बाहीवर होता. तो तिथेच राहिला.

"आता कुणी हलायचं नाही," दयाराम म्हणाला आणि त्याने भिंगावरचं झाकण काढलं.

फिलू हलली नाही. सकाळपासून पहिल्यांदाच. बाळ कधी झोपलं ते तिला कळलं नव्हतं. खाली खडकात पाणी शिरत होतं, परतत होतं. वाऱ्याने एक पताका कुरसाला गुंडाळली गेली.

झाकण परत बसलं. दयारामने वहाणा घातल्या आणि तिकाटणं मिटायला घेतलं. सासूने बाही सोडली नव्हती.

रेजीन वळली. खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे बांधून, कशालाच न शिवता. मग तिने मान वर करून फिलूकडे पाहिलं.

"आय, आता कोट मी घालू?"