शेपटीवाली दीर्घिका आणि मी

मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे हं! माझ्या एका अंगाला प्रकाश टिपणारा लेप आहे आणि त्यावर आकाशाचा एक तुकडा उमटला आहे. मित्रांनो, माझ्यावर आकाश फिकं आणि तारे काळे दिसतात. आम्हा काचांचा कारभारच उलटा!

दुर्बिणीच्या टोकाला मला बसवलं, तेव्हा माझी ऐट काय सांगू! मी टिपला दीर्घिकांचा एक मोठा समूह. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एकेक गाव. समूहाच्या मध्यभागी नुसती दाटी. तिथल्या दीर्घिका गोलमटोल आणि सुस्त, कारण त्यांच्याकडचा वायू केव्हाच संपलेला. वायू नाही तर नवे तारे कुठून घडणार? दूर मोकळ्यावर राहणाऱ्या मात्र वळणदार हातांच्या, नव्या ताऱ्यांनी गजबजलेल्या.

काचांवरच्या ताऱ्यांची मापं घ्यायच्या मापनखोलीतल्या बाईंनी मला उजेडाच्या टेबलावर ठेवलं. "झकास उमटलीय," त्या म्हणाल्या आणि मला आकाश ठेंगणं झालं. पण एका दीर्घिकेमागे पुसट शेपटी दिसत होती. त्या खोलीत सगळ्यांचं ठरलेलं होतं की, दीर्घिकेला शेपटी नसते. दिसली तर काच घासली गेली समजायची. बाईंनी माझ्या कोऱ्या बाजूवर शाईने बाण काढून लिहिलं, 'ओरखडा'.

झालं! माझी रवानगी खराब काचांच्या पेटीत झाली. माझ्या अंगावर एकही ओरखडा नव्हता हो, पण काचेचं ऐकतो कोण? मी धूळ खात पडले आणि मनातल्या मनात चरफडत राहिले.

पुढे कोठार रिकामं करायचं ठरलं. खराब काचा भंगारात जाणार होत्या. त्या निवडायचं काम आलं बाईंच्या मुलीकडे. ती आता खगोलशास्त्रज्ञ झाली होती आणि एका प्रश्नाने तिला पछाडलं होतं. समूहाच्या मधल्या दीर्घिका जन्मापासूनच सुस्त, की शेजाराने तशा झाल्या? बदलता बदलता सापडलेली एखादी तरी दीर्घिका तिला हवी होती. निवृत्त झालेल्या बाई तिच्या मदतीला आल्या होत्या.

मुलीने मला खिडकीशी तिरपं धरलं. "आई, ओरखडा असता तर उजेडात चमकला असता. हे लेपातच उमटलंय."

"अगं, दीर्घिकेला कधी शेपटी असते का?"

"गर्दीत शिरत असेल तर? समूहात मधल्या जागेतही विरळ, तापलेला वायू असतो. ही त्यातून भरधाव निघालीय. सायकलवर टोपी उडावी तसा हिचा वायू मागे उडतोय, आणि त्यातच नवे तारे घडतायत."

मला तर गुदगुल्याच झाल्या! मुलीने आकाशाच्या त्याच तुकड्याचा नवा फोटो मागवला. तो येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. शेपटी दिसली नाही तर मी भंगारात जाणार होते.

फोटो आला. शेपटी तिथेच होती, तशीच! माझा ओरखडा दुसऱ्या दुर्बिणीत कसा शिरेल? मुलगी आनंदाने आईच्या गळ्यात पडली. बाईंचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे मी चूक लिहिलं."

"चूक कसली, आई? ओरखडा आहेच. फक्त तो काचेला नाही, त्या दीर्घिकेला पडलाय."

बाई हसल्या आणि हसता हसता थबकल्या. "अगं, असं मी आणखी कितीतरी काचांवर लिहिलंय. त्या पेट्या कुठायत?"

"खाली. भंगाराच्या गाडीत."

बाईंनी चपलासुद्धा घातल्या नाहीत. जिन्यावरून त्यांचा आवाज ऐकू आला, "अहो, थांबा! गाडी सुरू करू नका!"

मित्रांनो, गाडी थांबली. पेट्या वर आल्या आणि मायलेकी त्यांच्यापुढे फतकल मारून बसल्या. म्हणून सांगते, जुनं काही खराब म्हणून टाकायला निघालात, तर जरा दारात थांबा. कुणी अनवाणी धावत येतंय का, तेवढं बघा.