उरलेल्या फाइली काढायच्या का?

मी अनइन्स्टॉलर बोलतोय. घाबरू नका. नाव दांडगं असलं तरी जीव माझा एवढासा आहे. ज्या प्रोग्रॅमबरोबर मी या कंप्यूटरमध्ये राहायला आलो, तो कपडे बेतण्याचा प्रोग्रॅम. माप टाकलं की पाठ, पुढा, बाही असे तुकडे पडद्यावर आखून देणारा. आमच्या कुटुंबात रेघा ओढणारे, आकडे सांभाळणारे, छपाई बघणारे असे पुष्कळ जण. मला मात्र आल्या आल्या एक यादी दिली आणि सांगितलं, "हे सगळे आपले. कधी घर सोडायची वेळ आली, तर यांना एकेक करून बाहेर काढायचं आणि शेवटी तूही निघायचं."

आता तुम्हीच सांगा, ज्याचं काम घर मोडणं हेच, त्याने घर सुखात चाललेलं असताना करायचं काय? मी झोपलो. वर्षानुवर्षं झोपलो.

दुकानाच्या मागच्या खोलीत हा कंप्यूटर असतो. शेजारी कापायचं लांबलचक टेबल, पलीकडे शिलाईचं यंत्र. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणतात. तयार कपड्यांच्या दुकानातून जी माणसं हिरमुसून बाहेर पडतात, ती ताईंकडे येतात. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक हात आखूड. ताई गळ्यातला टेप काढतात, गप्पा मारता मारता माप घेतात आणि त्या एकाच माणसासाठी पॅटर्न आखतात. मग "साठवा" असं लिहिलेलं बटण दाबायचं आणि चहाला जायचं. साठवलेलं जातं कुठे, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

ते येत होतं आमच्याच घरात! प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी तशी सोय करून ठेवली होती. मला झोपेत नुसती चाहूल लागायची, कुणीतरी नवं आलं, आणखी कुणी आलं. माझ्या यादीत त्यांची नावं नव्हती. हे पाहुणे की भाडेकरू, की आपल्यातलेच कुणी? मला काही उमगेना. विचारायचं तरी कुणाला? मी कूस बदलली आणि पुन्हा झोपलो.

एका रविवारी ताईंचा धाकटा भाऊ आला. हे गृहस्थ विमा कचेरीत कामाला. तिथला प्रिंटर रुसला की सगळे त्यांनाच बोलावतात, त्यामुळे कंप्यूटरचं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा ठाम समज. डोक्यावरचे केस गेले तरी ताई त्यांना छोट्याच म्हणतात.

"ताई, तुझ्यासाठी नवा प्रोग्रॅम आणलाय. आधी हे जुनं धूड काढून टाकू. उगाच जागा अडवून बसलंय."

असं म्हणून त्यांनी पडद्यावरचं आमचं चित्र पुसलं आणि हात झटकले. "झालं! गेलं!"

कुठे गेलं? आम्ही सगळे आत जागच्या जागी होतो. दारावरची पाटी काढली म्हणून घर रिकामं होतं का?

थोड्या वेळाने ताई म्हणाल्या, "अरे छोट्या, इथे प्रोग्रॅमच्या यादीत अजून दिसतंय की ते."

भाऊ जरा ओशाळले. मग शोधता शोधता त्यांना मी सापडलो आणि त्यांनी मला उठवलं.

एवढ्या झोपेनंतर एकदम उठल्यावर माणसाचंही डोकं जागेवर नसतं, माझं तर अजिबात नव्हतं. यादीतले काही जण नाव बदलून बसले होते, काही शेजारच्या प्रोग्रॅमच्या कामाला लागले होते. मी प्रामाणिकपणे विचारलं, "ही फाइल दुसरं कुणी वापरत असेल. काढायची का?" मला खरंच माहीत नव्हतं हो, म्हणून विचारलं. भाऊंनी न वाचता "हो" दाबलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा "हो".

"काय विचारतंय ते सारखं?" ताई म्हणाल्या.

"काही नाही गं. यांना विचारायची सवयच असते. आपण हो म्हणत सुटायचं."

यादी संपली. आमचे सगळे बाहेर पडले, आणि घरात ती अनोळखी मंडळी तशीच बसलेली! माझी पार भंबेरी उडाली. अशा वेळी मला एकच वाक्य बोलता येतं, ते मी बोललो. "या फोल्डरमध्ये उरलेल्या फाइली काढायच्या का?" खाली तीन बटणं: हो, यादी पाहा, रद्द करा. त्यातलं "हो" आधीच उजळलेलं. तो उद्योग माझा नव्हे, बनवणाऱ्यांचा.

भाऊंचं बोट माउसवर गेलं.

"थांब," ताई म्हणाल्या. "उरलेल्या म्हणजे कुठल्या?"

"उरलंसुरलं गं. कचरा."

"माझे पॅटर्न कुठे आहेत?"

"ते मी कसं सांगू? तूच ठेवलेस ना?"

"कंप्यूटरमध्ये आहेत."

"अगं, कंप्यूटरमध्ये कुठे?"

"आत."

भाऊ खो खो हसले. "डॉक्युमेंट्समध्ये असतील. सगळ्यांचे तिथेच असतात."

"असतील. तरी तू वाच."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की घाई करू नका, हे कोण आहेत ते मलाही ठाऊक नाही. पण मला दिलेल्या वाक्यांत ते वाक्यच नाही.

भाऊंनी कंटाळून "यादी पाहा" दाबलं आणि एका सुरात वाचायला घेतलं. "पोस्टमन, डावा खांदा उतरता. लायब्ररीवाल्या बाई, पाठीला बाक. जुळ्यांतली उंच. आई. आई, बारीक झाल्यावर. आई, बसून."

ते थांबले. शिलाईच्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या ताईंनी तोंडावर हात धरला होता.

"बसून म्हणजे?" भाऊंनी विचारलं.

"शेवटी शेवटी ती उभी कुठे राहायची रे? खुर्चीत बसल्या बसल्या माप घेतलं तिचं. मागून उघडणारा गाऊन बेतला. पाठ आखूड, पुढा लांब, म्हणजे पाठीखाली कापड गोळा होऊन टोचायला नको."

"निळा?"

"तोच. तुझ्या आठवणीत तोच असेल."

भाऊंनी माउसवरचा हात काढून घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "ताई, मी हो दाबणार होतो."

"दाबलं नाहीस ना? झालं तर मग."

त्यांनी "रद्द करा" दाबलं आणि माझ्यापुढे नवाच पेच पडला. आमचे सगळे तर मी बाहेर काढून बसलो होतो! घाईघाईने मला दिलेल्या सूचना पुन्हा चाळल्या, तर शेवटी लिहिलेलं: काम रद्द झालं, तर सगळ्यांना परत आपापल्या जागी बसवायचं. ते पान मी कधी उघडलंच नव्हतं. काढलेल्यांना मी लगेच हाकलत नाही, नशीब, बाजूला उभं करून ठेवतो. एकेकाला हात धरून आत आणलं. घर मोडण्यासाठी जन्मलेला मी, त्या दिवशी घर लावत होतो, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

नंतर भाऊ दर रविवारी येऊ लागले. एकेक पॅटर्न नव्या प्रोग्रॅममध्ये हलवला. पोस्टमन गेले, लायब्ररीवाल्या बाई गेल्या, जुळ्यांतली उंचही गेली. अडलं ते "आई, बसून" पाशी. नव्या प्रोग्रॅममधली आकृती फक्त उभी राहते. आईचं माप टाकलं की ती लाल होऊन म्हणते, माप चुकीचं आहे.

"चुकीचं म्हणे!" भाऊ चिडून म्हणाले. "याला काय कळतंय?"

"राहू दे मग जुनं," ताई म्हणाल्या.

म्हणून आम्ही अजून इथे आहोत. माझी यादी मी पुन्हा पुन्हा तपासतो. तिच्यात जी आपली म्हणून लिहिली आहेत, त्यांचं आता इथे कुणालाच काम नाही. जी यादीत कुठेच नाही, तिच्या एकटीसाठी अख्खं घर उभं आहे. मग आपलं कोण आणि उरलेलं कोण? मला हा हिशेब सुटत नाही, आणि आता तो सोडवायची घाईही नाही.

कंप्यूटर म्हातारा होत चाललाय. कधीतरी मला उठवावंच लागेल, ते मी जाणतो. माझी काही तक्रार नाही. फक्त आधी आईची कुठेतरी सोय करा, मग मला खुशाल हाक मारा.