आधीच्या आडनावाची बाई

प्राध्यापकमहाशयांचा दिवस दात घासण्याआधीच सुरू होत असे. उशाशी ठेवलेला फोन उघडायचा, जगभरच्या शोधनिबंधांची मोजदाद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर जायचं आणि आपल्या निबंधांचा हवाला आणखी कोणी दिला का ते बघायचं. एखाददुसरा वाढलेला असला की स्वारी खुशीत उठे. तिथेच थांबला असता तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण मग तो शोधाच्या चौकटीत एका बाईचं नाव टाकी. त्या बाईचा आकडा बघितला की तोंड कडू होई आणि चूळ भरूनही तो कडूपणा जात नसे.

ही बाई कोण, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या घटकेला ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून एका हाताने दूध ढवळत होती आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर विद्यार्थ्यांचे अहवाल तपासत होती. ती त्याची बायको होती. संकेतस्थळावरचं नाव तिचं लग्नाआधीचं होतं, इतकंच.

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत संशोधन करत असताना, लग्नाआधी, तिने एकटीने एक निबंध लिहिला होता. प्रोग्राम बरोबर चालतो का हे बघायला ज्या चाचण्या लावतात, त्यांतल्या काही भारी लहरी असतात. कोणी एका ओळीलाही हात लावलेला नसतो, तरी सकाळी पास आणि संध्याकाळी नापास. मग काम करणारे वैतागतात आणि खऱ्या नापासाकडेही कानाडोळा करतात. या लहरी चाचण्या वेगळ्या काढायची एक साधी रीत तिने शोधली होती. सासूबाईंना तिने ते एकदा स्वयंपाकघरातल्या धुराच्या भोंग्यावरून समजावलं होतं. तो उगाच वाजतो म्हणून तुम्ही त्याची बॅटरी काढून ठेवलीत, पण खरंच आग लागली तर? आग लागली तर मला वास येईल, असं म्हणून सासूबाईंनी विषय संपवला. जगाला मात्र तो निबंध पटला आणि त्याचे हवाले दर महिन्याला वाढत राहिले.

मग लग्न झालं. एका घरात दोन आडनावं कशाला, असं सासूबाई म्हणाल्या. नवरा हसून हो म्हणाला आणि नव्या संसाराच्या उत्साहात तीही हो म्हणाली. पुढचे सगळे निबंध नव्या नावाने निघाले आणि प्रत्येकावर नवऱ्याचं नाव आधी. घरातलंच तर आहे, कोणाचं आधी आलं म्हणून काय बिघडलं, असं तो म्हणे. घरातलंच असूनही तिचं नाव आधी कधी आलं नाही, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नसे. संकेतस्थळाच्या लेखी ती एकटी आता दोन बायका झाली होती. एक नामांकित, पण एक निबंध लिहून गप्प झालेली. दुसरी कायम नवऱ्यामागे उभी. विभागातही त्याला सगळे सर म्हणत आणि त्याच मजल्यावर तेवढेच तास शिकवणाऱ्या तिला वहिनी. आपणही तूर्त वहिनीच म्हणू.

संकेतस्थळावरची दोन्ही नावं जोडून घ्यायचं वहिनींनी नवऱ्यापाशी दोनदा काढलं होतं. महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो, सवडीने बघू, असं सांगून त्याने दोन्ही वेळा वेळ मारून नेली. वास्तविक त्याची स्वतःची नोंदही कधीकाळी अशीच दोन जागी झाली होती आणि त्याने ती बसल्या जागी जोडली होती. हे तो घरी बोलला नाही.

परक्याचा हेवा माणूस उघड करतो, चार मित्रांत बसून नावं ठेवतो आणि मोकळा होतो. घरातल्या माणसाचा हेवा काळजीचं सोंग घेऊन येतो. विभागप्रमुख निवृत्त व्हायचे होते आणि त्या जागेसाठी नवऱ्याप्रमाणे वहिनींनाही अर्ज करायचा होता. निवड समिती हवाले मोजणार हे उघड होतं. नवऱ्याने मोठ्या मायेने तिला समजावलं, की तुझे आकडे बसत नाहीत, उगाच हसं होईल. तिचा विश्वास बसला. शुक्रवारी मुदत संपणार होती आणि तिने अर्जाला हातही लावला नव्हता.

बुधवारी त्याने समितीवरच्या एका बाहेरच्या प्राध्यापकबाईंना दुपारच्या जेवणाला बोलावलं. यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही, कारण अशी जेवणं सगळेच घालत. पाहुण्या वयाने लहान होत्या, मोकळ्या होत्या. त्या, नवरा आणि सासूबाई टेबलाशी बसले आणि वहिनी वाढू लागल्या. चार घास झाल्यावर पाहुण्यांनी त्या लहरी चाचण्यांच्या निबंधाचा विषय काढला. आपला अख्खा प्रबंध त्यावर उभा आहे, आणि तो तुमच्याच विभागातून निघाला होता ना, असं त्या कौतुकाने म्हणाल्या.

"मला त्या बाईंना एकदा भेटायचंय हो. पुढे त्यांचं काहीच आलं नाही. काय झालं त्यांचं? वारल्या का?"

वहिनींच्या हातात वरणाचं भांडं होतं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. किती सोपं होतं ते. बोट दाखवून, ही काय, असं म्हटलं असतं तर पाहुण्या हसल्या असत्या, जेवण रंगलं असतं आणि कदाचित जागाही त्यालाच मिळाली असती. पण समितीतल्या बाईंच्या तोंडून निघालेलं ते कौतुक त्याला पचलं नाही. त्याने ताटात बघत घास कालवला.

"नाही, वारल्या नाहीत. त्यांनी हे क्षेत्र सोडलं. संसारात रमल्या."

वहिनींनी भांडं टेबलावर ठेवलं. हात पुसले. तोपर्यंत वर्षानुवर्षं मूग गिळून बसलेली ही बाई कोरड्या आवाजात म्हणाली, "मी सोडलं नाही. मी इथेच आहे. तो निबंध माझा आहे."

पाहुण्या उठून उभ्या राहिल्या. त्यांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी दोन्ही नावं एकत्र का नाहीत ते विचारलं आणि वहिनींनी पत्रव्यवहाराचं सांगितलं. पाहुण्या गोंधळून नवऱ्याकडे बघत राहिल्या. "पत्रव्यवहार कसला? आणा तो लॅपटॉप, मॅडम. चहा होईपर्यंत होईल." मॅडम हा शब्द त्या घरात तिच्यासाठी पहिल्यांदाच उच्चारला गेला.

चहाचं आधण अजून उकळलंही नव्हतं. पडद्यावर दोन बायकांची एक झाली, जुन्या नावाने, आणि तिचा आकडा नवऱ्याच्या कितीतरी पुढे जाऊन थांबला. "एवढंच होतं?" वहिनींनी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तू पुन्हा विचारायचंस तरी. "विचारलं होतं. दोनदा. तिसऱ्यांदा विचारायला मला आपल्या माणसावर संशय घ्यावा लागला असता."

पाहुण्यांनी चहा घेतला नाही. मी इथे जेवले, आता या निवडीत बसणं मला शोभणार नाही, मी समितीतून नाव काढून घेते, एवढं सांगून त्या गेल्या.

प्राध्यापकमहाशय खोलीत जाऊन दार लोटून बसले. टेबलाशी सासूबाई तशाच होत्या. मुलाची बाजू घेऊन त्या आता बोलतील, म्हणून वहिनी मनाची तयारी करत होत्या. सासूबाई बोलल्या त्या निराळंच. लग्नाआधी त्या नकाशे काढायची परीक्षा पहिल्या नंबराने पास झाल्या होत्या. प्रशस्तिपत्रकावर आधीचं आडनाव होतं. नोकरीच्या ठिकाणी नाव बदलल्याचा दाखला मागितला, यजमानांनी आज आणतो, उद्या आणतो असं केलं आणि ते राहून गेलं ते कायमचंच.

"तू कामाला निघालीस की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? वाटायचं, हिला सगळं मिळतंय, निदान नाव तरी सोडू दे. माझं गेलं, तुझंही जाऊ दे, असं." त्या उठल्या. "अर्ज आजच टाक. ताटं मी उचलते."

अर्ज गेला, आधीच्या आडनावाने. नवऱ्याचाही गेला होता. उरलेल्या समितीने दोन्ही नीट वाचले आणि जागा तिला दिली. आता विभागात तिच्या दारावर तिचं नाव आहे, आणि वहिनी म्हणणाऱ्यांना ती हसून दाराकडे बोट दाखवते. तेव्हा आपणही वहिनी म्हणणं थांबवू. सासूबाईंनी भोंग्याला बॅटरी परत बसवली. नवरा अजूनही रोज सकाळी फोन उघडतो, अजूनही त्याचं तोंड कडू होतं. पण नव्या निबंधावर तिचं नाव आधी घालताना त्याने हू की चू केलं नाही, आणि ती तेवढ्यावर सध्या समाधानी आहे.

हे वाचणाऱ्यांच्या घरीही आधीच्या आडनावाची एखादी बाई असेल. त्या नावाने तिने काय काय केलं होतं, ते आज तिला विचारावं आणि सगळं ऐकून घ्यावं. ऐकताना पोटात दुखलं तर खुशाल दुखू द्यावं. हेवा वाटला म्हणून कोणी मरत नाही. पण जिवंत बाईबद्दल परका माणूस आपल्याच टेबलाशी बसून विचारतो, वारल्या का म्हणून, तेव्हा खाली ताटात बघू नये.