सुतळी नसलेली बाटली

बायको एका हॉटेलात ग्लास धुवायची. तिथे पाहून पाहून ती साइडकार नावाचं कॉकटेल करायला शिकली. दोन माप ब्रँडी, एक माप संत्र्याची दारू, एक माप लिंबाचा रस, भरपूर बर्फ, आणि हात दुखेपर्यंत हलवायचं. संत्र्याची दारू ती घरीच करायची. साली ब्रँडीत महिनाभर मुरवायच्या, मग गाळून साखर घालायची. वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवसाला, दुपारी आम्ही एकेक ग्लास घ्यायचो.

ती गेल्यानंतरचा हा पहिला वाढदिवस. मुलगी आली होती. म्हटलं, आईच्या हातचं शेवटचं मुरवण आहे, करू या.

कपाटातून बाटली काढली, स्टीलच्या डब्यात सगळं घातलं, हलवलं, दोन ग्लास भरले. मी ओटा पुसत होतो, तोवर मुलीने अर्धा ग्लास संपवलासुद्धा.

"कडू आहे गं बाई," ती म्हणाली. "घसा जळला. आई हे कौतुकाने प्यायची?"

"सालींचा कडूपणा असतो, ठमे."

"असेल. बरं, कपाट बघितलंस ना? मागच्या खेपेला सगळं आवरलंय. त्या बाटल्यांच्या गळ्यातल्या सुतळ्या काय कळकट होत्या! कापून फेकून दिल्या."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

मी फर्निचरला पॉलिश करणारा माणूस. दुकान बंद केलं तेव्हा उरलेलं सामान घरी आणलं. स्पिरिटमध्ये लाख विरघळवलेलं पॉलिश तसल्याच बाटल्यांत, रंगही तोच, संत्र्यासारखा. स्पिरिटच्या वाफांनी माझं नाक कधीच कामातून गेलंय. म्हणून बायकोने माझ्या प्रत्येक बाटलीला सुतळी बांधली होती. सुतळी असेल ती तुमची, नसेल ती माझी, असं तिने मला बजावून ठेवलं होतं. मी सुतळी नसलेली बाटली काढली होती. पण आता एकीलाही सुतळी नव्हती.

"ग्लास खाली ठेव. ठेव म्हणतो ना!"

माझा आवाज ऐकून ती उभीच राहिली. मी सगळं सांगितलं. दुकानातल्या एका कारागिराने असलंच स्पिरिट प्यायलं होतं. तो वाचला, पण डोळे गेले.

"खिडकीतून ती समोरची पाटी वाच," मी म्हणालो.

"बाबा..."

"वाच आधी!"

"येथे गाड्या लावू नयेत."

"चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

"अरे, पण काय प्यायले म्हणून सांगायचं? त्याचा वास घेतला तर मला संत्र्याचाच येतोय. तुझ्या भीतीने आता स्पिरिटचाही यायला लागला."

बरोबर होतं तिचं. मी कपाटातली दुसरी बाटली आणली. टेबलावर डावीकडे ग्लासात ओतलेल्या बाटलीतला थेंब टाकला, उजवीकडे हिचा. दोन्ही बोटाने पातळ फासले. पॉलिश असेल तर बघता बघता वाळून कडक होतं, चमकतं. साखर असेल तर वाळत नाही. आयुष्यभर हजारो वेळा मी असं वाळण्याची वाट पाहिली असेल, पण असा घाम कधी फुटला नव्हता. ती चप्पल घालून दारात उभी होती, एक हात पोटावर.

उजवा डाग आधी धुरकटला, मग चमकला. नख मारून पाहिलं. कडक.

डावीकडे बोट ठेवायचा धीर होईना.

"ठेव ना बाबा," ती अगदी हळू म्हणाली.

ठेवलं. बोट चिकटलं. उचललं तशी बारीक तार निघाली. साखर. बायकोची साखर.

मी खुर्चीत बसलो. मुलीने चप्पल काढली, उजव्या बाटलीतलं पॉलिश बाहेर रंगाच्या रिकाम्या डब्यात ओतलं, डब्याला सुतळीचे चार वेढे दिले आणि तीन गाठी मारल्या. मग माझा ग्लास माझ्यासमोर सरकवला. मला तो उचलवेना.

"जाऊ का मी घरी?" तासाभराने तिने विचारलं.

"बस थोडी. पाटी वाच बरं."

"येथे गाड्या लावू नयेत. पाचव्यांदा वाचतेय, बाबा."

"हो," मी म्हणालो. "अजून एकदा."