अर्धी वाटी भात

शाळेत तिला सगळे भोपळा म्हणायचे. कॉलेजच्या वसतिगृहात राहायला आल्यावर वर्षभरात तिची चवळीची शेंग झाली, आणि मैत्रिणींनी नाव ठेवलं चवळी. सुट्टीत घरी गेली तेव्हा आईही म्हणाली, "किती छान दिसतेस! मनावर घेतलं की होतं बघ." त्या एका वाक्यावर तिने पुढचे चार महिने काढले.

सकाळी काळा चहा, दुपारी काकडी, संध्याकाळी अर्धं सफरचंद. मेसच्या काकू ताट पुढे करायच्या तर हिचं ठरलेलं उत्तर, "आत्ताच खाल्लंय काकू."

"तुझं हे आत्ताच संपतं कधी गं?" काकू विचारायच्या. ती हसून सटकायची.

पुढे हसायचंही त्राण उरलं नाही. जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. भर उन्हात ती स्वेटर घालून फिरायची. वर्गात शिकवलेलं डोक्यात शिरत नव्हतं. पुढचं जेवण काय सांगून टाळायचं, एवढंच तिथे घोळत असायचं. एका दुपारी प्रयोगशाळेत हातातली काचेची नळी सुटली आणि पाठोपाठ तीही कोसळली.

आई धावतपळत दवाखान्यात आली. "डॉक्टर, ही मुळातच जरा कमी खाते," ती सांगू लागली.

"कमी नाही, जवळजवळ खातच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हृदयाचे ठोके मंदावलेत. हा हट्ट नाही, आजार आहे. उपचार लांबतील. आणि घरात तिच्या शरीरावरून एक शब्द नको. जाड नको, बारीक नको, छानही नको."

आईचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी भाताची वाटी आली तशी ती लेकीच्या खाटेवर बसली.

"मीच म्हटलं होतं ना तुला, छान दिसतेस म्हणून?"

लेकीने वाटी बाजूला सरकवली.

"लग्नाच्या फोटोत बारीक दिसावं म्हणून मी दोन महिने उपाशी काढले होते," आई म्हणाली. "फोटो काढताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. कुणाला बोलले नाही आजवर."

"मग दिसतेस का बारीक त्यात?"

"काय माहीत. मी तो फोटो बघतच नाही."

अर्धी वाटी भात संपायला पाऊण तास लागला. घास नुसता तोंडात फिरायचा. दोनदा ती रडली. आईने घाई केली नाही.

ते सत्र बुडालं. घरी राहून ती जेवायला शिकली, म्हणजे काही दिवस जेवली, काही दिवस खोटं बोलली, पकडली गेली, पुन्हा दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंपुढे जाऊन बसली. कपडे कमरेत घट्ट झाले त्या दिवशी तिने दार लावून घेतलं. आई दाराबाहेर बसून राहिली.

पुढच्या वर्षी कॉलेजला परतून ती एक वर्ष मागे असलेल्या तुकडीत जाऊन बसली. शेजारच्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, "तू काय करतेस गं, एवढी बारीक राहायला?"

"आजारी होते," ती म्हणाली.

मुलगी ओशाळली. मधल्या सुट्टीत दोघी कॅन्टीनला गेल्या. हिने अंडं आणि पाव घेतला, निम्मा खाल्ला आणि थांबली. दमली होती. मग उरलेल्या पावाचा एकेक घास तिने हळूहळू मोडायला घेतला.