मुखाची तपासणी

बेबीताईला स्वतःची एक खोड चांगली ठाऊक होती. टाळ्या ऐकू आल्या की तिचं तोंड आधी चालायचं आणि डोकं मागून यायचं, तेही सवडीनं. सरपंच झाल्यापासून या खोडीला बसायला खुर्ची मिळाली होती, एवढाच काय तो फरक.

त्या दिवशी वाशिमजवळच्या मालेगावला तालुक्यातल्या सरपंचांची बैठक होती. बेबीताईचं गाव जऊळका स्टेशनच्या पलीकडे. जीप भरायला उशीर झाला आणि ती पोचली तेव्हा आरोग्य खात्याच्या मोठ्या डॉक्टरबाईंचं निम्मं बोलणं होऊन गेलं होतं. जागा मिळाली ती मागे, खडखडणाऱ्या कूलरशेजारी. 'तीस वर्षांवरच्या…', 'मुखाचा कर्करोग…', 'तपासणी अगदी सोपी…', 'लवकर सापडला तर पूर्ण बरा…' असे तुकडे तेवढे तिच्यापर्यंत आले, बाकीचं कूलरनं खाल्लं. तुकडे जुळवून तिनं अर्थ लावला. मुख म्हणजे तोंड. तोंडाचा कॅन्सर. म्हणजे खर्रा, तंबाखू-सुपारी घोटून केलेला.

आणि खर्रा म्हणजे बेबीताईचा हक्काचा विषय. तिनं स्वतः काही वर्षांपूर्वी खर्रा सोडला होता आणि तेव्हापासून गावात दुसऱ्या कुणाला तो सुखानं चघळू दिला नव्हता. त्यामुळे डॉक्टरबाईंनी "पहिलं शिबिर कोणत्या गावात घ्यायचं?" असं विचारलं आणि सगळे सरपंच आपापल्या चपलांकडे बघू लागले, तेव्हा बेबीताई ताडकन उभी राहिली.

"आमच्या गावात घ्या, मॅडम. सगळ्यात पहिले मीच दाखवतो. लाजाचं काय हाय त्याच्यात?"

सभागृहातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. डॉक्टरबाई व्यासपीठावरून खाली आल्या, तिचा हात धरून म्हणाल्या, "अशा सरपंच पाहिजेत." शेजारचा एक म्हातारा सरपंच मात्र मान खाली घालून घाम पुसत होता. तोंड उघडून दाखवायचं तर या माणसाला एवढं काय झालं, असं बेबीताईला क्षणभर वाटलं. पण टाळ्या चालू होत्या. डोकं अजून जीपमध्येच होतं.

शिबिराच्या आदल्या संध्याकाळी तिनं ग्रामपंचायतीचा भोंगा हातात घेतला.

"ऐका हो! उद्या सकाळी दवाखान्यात कॅन्सरची तपासनी हाय. फुकट हाय. दुखत नाई, खुपत नाई, नुसतं आ करा लागते. बायाइनं या, अन् मानसाइनं तं पहिले या, कारन की खाता तुमीच जास्त. दात घासून या!"

घरी नवरा देवमन, वीज कंपनीतला लाइनमन, जेवता जेवता म्हणाला, "चांगलं बोलली. पर मले कोनी तरी सांगितलं की थे बायाइची तपासनी हाय."

"बायाइले का तोंड नसते?" बेबीताई म्हणाली. निदान या घरात तरी तसं म्हणायची सोय नव्हती.

सकाळी दवाखान्यापुढे गावातले झाडून सगळे पुरुष उभे होते. पुढे रामराव. तो आयुष्यात पहिल्यांदा कडुनिंबाच्या काडीनं दात घासून आला होता आणि हिरड्यांतून रक्त येतं म्हणून कुरकुरत होता. बाया मागे, भिंतीच्या कडेनं. दवाखाना सांभाळणाऱ्या उज्ज्वला मॅडमनी दार उघडलं, रांग बघितली आणि पुन्हा लावून घेतलं. मग फटीतून हात बाहेर आला आणि बेबीताईला आत ओढून घेतलं.

"ताई, एवढे पुरुष कशाला?"

"तोंड दाखवाले."

मॅडमनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. बाईच्या पोटाचं चित्र होतं. "हे गर्भाशय. पिशवी म्हणतो ना आपण, ती. आणि हे तिचं मुख. याची तपासणी आहे. गर्भाशयमुखाची."

बेबीताई चित्राकडे बघत राहिली. डोकं त्या वेळी पोचलं.

"म्हंजे मी मालेगावले… एवढ्या मानसाइसमोर… पहिले मीच दाखवतो म्हनून…"

"हो. लाजायचं काय त्यात, असंही म्हणालात. आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आहे. सगळ्यांना फार आवडला."

बेबीताई खाली बसली. ज्या म्हाताऱ्या सरपंचाला तिनं मनातल्या मनात भित्रा ठरवलं होतं, त्याची तिला आता फार दया आली. त्याहून जास्त स्वतःची.

बाहेर येऊन तिनं पुरुषांना घरी जायला सांगितलं. "मंग दात कायले घासाले लावले?" रामराव ओरडला. बायांमध्ये तोवर खुसखुस सुरू झाली होती. त्यांच्यात जमनाबाई होती, शेजारच्या तांड्यावरची, पन्नाशी उलटलेली. तिच्या तोंडाला ग्रामसेवकसुद्धा वचकून असायचा.

"चाल, सरपंचबाई," ती म्हणाली. "तू पहिली म्हनत होती नं? तुह्यामागं आमी."

सगळ्या बाया बघत होत्या. बेबीताईनं उघड्या दारातून एकदा आतल्या टेबलाकडे बघितलं, एकदा पडद्याकडे.

"मले पान्याच्या टाकीचं काम पाहाले जा लागते," ती म्हणाली आणि चालायला लागली.

टाकीचं काम गेल्या वर्षीच संपलं होतं, हे गावातल्या शेळ्यांनाही माहीत होतं. तरी ती दुपारपर्यंत टाकीच्या सावलीत, गावाकडे पाठ करून बसून राहिली. तीन लेकरं झाली तेव्हा नव्हती लाज वाटली, तेव्हा तर दाई, नर्स, डॉक्टर, झाडूवाली, सगळ्यांनी बघितलं होतं. मग आता काय झालं? खरं म्हणजे लाज हे कारण सांगायला बरं होतं. आत बसली होती ती भीती. आतमध्ये काही सापडलं तर? न बघितलेलं काहीच नसतं, अशी एक आशा माणूस धरून असतो. दुसऱ्याला भोंग्यावरून शहाणपण सांगणारी बेबीताईही तीच धरून होती. तिनं स्वतःला एक सणसणीत शिवी दिली, पण जागची हलली नाही.

इकडे सरपंचबाईच पळाली म्हटल्यावर बाया पांगल्या. उज्ज्वला मॅडम दुपारपर्यंत एकट्या बसून होत्या.

रात्री जेवताना धाकटी लेक साक्षी बोलली. नववीत होती, चौदा पूर्ण झाले होते.

"आई, शाळेत सांगितलं, जऊळक्याच्या दवाखान्यात लस आली. चौदा वर्साच्या पोरीइले फुकट. याच कॅन्सरची हाय. लहानपनी लस अन् मोठेपनी तपासनी, असं हाय म्हने. माय नाई तं बाप संग पायजे."

"घे नं मंग. घाबरतं कायले?"

"मी कायले घाबरू?" साक्षी शांतपणे म्हणाली. "टाकीमागं मी थोडीच लपली होती!"

देवमनला ठसका लागला. बेबीताईनं त्याच्यापुढे पाण्याचा गडू जरा जोरातच आपटला. पण त्या रात्रीपासून पोरीचं वाक्य काही तिच्या कानातून जाईना. भोंग्यावरून सांगितलेलं लोक विसरतात. हे वाक्य घरात राहायला आलं होतं, दोन वेळा समोर जेवायला बसत होतं.

पुढच्या आठवड्यात ती गेली. भोंगा नाही, घोषणा नाही. डोक्यावरून पदर घेऊन, शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं, चोरासारखी. तरी जमनाबाई आडवी आलीच.

"कुठं निंगाली व?"

"टाकीकडं."

"टाकी तं तिकडं हाय," जमनाबाई म्हणाली आणि तिच्या मागोमाग येऊन दवाखान्याच्या पायरीवर फतकल मारून बसली.

आत पडदा होता, टेबल होतं, दिवा होता. बेबीताईनं डोळे गच्च मिटले आणि सरकारी योजनांची नावं मनात घोकायला सुरुवात केली. घरकुलापासून शेततळ्यापर्यंत आली, तोवर आंबट वास आला.

"सिरका हाय का हे?"

"तसंच समजा. हे लावलं की खराब जागा पांढरी दिसते. थोडं थांबायचं असतं." मॅडम थांबल्या. बेबीताईची नावं संपली. मॅडम अजून बघतच होत्या.

"ताई, एक पांढरा डाग दिसतोय. लगेच कॅन्सर समजू नका. बहुतेक वेळा ही त्याच्या फार आधीची पायरी असते. वाशिमला मोठ्या दवाखान्यात यंत्रातून नीट बघतील, गरज असली तर तिथंच उपचार करतील. पण जायचं. टाकीकडे नाही, वाशिमला."

बेबीताई बाहेर आली तेव्हा चपला उलट्या पायांत घातलेल्या होत्या.

"काय निंगालं?" जमनाबाईनं विचारलं.

"काई नाई. एकदम चोख." हेही तोंड आधी चाललं.

वाशिमला देवमन सोबत आला. एरवी खांबावर चढून तारांशी खेळणारा माणूस, पण एसटीत पूर्ण रस्ता त्यानं समोरच्या सीटची दांडी धरून ठेवली होती. आतल्या डॉक्टर मुलीनं यंत्रातून बघितलं, कणभर तुकडा तपासायला काढला आणि ती जागा एका तापलेल्या टोकानं शेकून टाकली. पोटात कळ आली, पाळीत येते तशी. मग संपलं. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण गावाला पाठ करून बसलो होतो, हे आठवून बेबीताईला तिथंच टेबलावर हसू फुटलं. डॉक्टर मुलगी घाबरली.

बाहेर देवमन बाकड्यावर होता.

"झालं?"

"झालं."

"लय दुखलं का?"

"नाई. भूक लागली."

"तुह्यासाठी केळं आनले होते," देवमन खाली बघत म्हणाला.

"कुठं हायत?"

"खाल्ले. कसे खाल्ले, मलेच समजलं नाई."

त्याच्या मांडीवर सगळ्या साली ओळीनं मांडलेल्या होत्या. बेबीताई त्याच्या शेजारी बसली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नवऱ्यावर इतकी माया तिला क्वचितच आली असेल.

रिपोर्टात कॅन्सर नव्हता. वर्षानं पुन्हा दाखवायचं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. बेबीताईनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि ठरवलं की हा विषय आता गावात निघता कामा नये. तो विषय चार दिवसांत चक्कीवर निघाला.

दळण घेऊन ती दारात पोचली, तर आत जमनाबाई बायांना सांगत होती. "सरपंचबाईले काई नाई निंगालं. मी पायरीवर बसली होती नं! मंग आपल्याले कायले जा लागते? मलेबी कितीक महिन्यापासून आंगावरून पांढरं जाते, वास मारते. पर थे चोख तं आपनबी चोख."

बाया माना डोलवत होत्या. बेबीताईनं हातातला डबा दारातच ठेवला. मालेगावच्या बढाईनं फक्त तिचं हसू झालं होतं. पण या चार शब्दांच्या बढाईनं जमनाबाई घरी बसणार होती. आणि जमनाबाईचं ऐकून सगळ्या.

ती आत गेली. चक्की चालू होती, म्हणून ओरडूनच सांगावं लागलं.

"मी खोटं बोलली! निंगालं होतं मले!"

नेमकी त्याच क्षणी चक्कीवाल्यानं चक्की बंद केली. शेवटचे शब्द चौकापर्यंत गेले. मग लपवायला काही उरलंच नाही. बेबीताईनं सगळं सांगितलं. मालेगावला काय ऐकलं, काय समजली, टाकीमागे काय करत होती, डाग, वाशिम, तापलेलं टोक, देवमनची केळी. सांगता सांगता तिलाच हसू आवरेना आणि बाया तर पिठाच्या डब्यांना धरून हसत होत्या.

"पिशवीच्या तोंडाले आ कराले सांगत होती वं माय!" कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा सगळ्या सुरू झाल्या. चक्कीवाला आधीच बाहेर पळाला होता.

जमनाबाई मात्र हसायची थांबली. "म्हंजे आंगात काईच जानवलं नाई तुले? दुखलं नाई, काई नाई?"

"काईच नाई. गेली नसती तं समजलंच नसतं."

"अन् मले तं जानवून राह्यलं." जमनाबाईनं डबा उचलला. "चाल. आताच चाल. उद्यावर ठेवलं तं मीबी टाकीकडं जाईन."

त्या तशाच पिठाच्या हातांनी दवाखान्यात गेल्या. जमनाबाईला नुसता जंतुसंसर्ग निघाला, गोळ्यांनी बरा होणारा. पण त्यानंतर बाया येऊ लागल्या, जोडीजोडीनं, कधी सासू-सून, कधी भांडलेल्या शेजारणीही. पुढच्या खेपेला भोंग्यावरून बेबीताईनं एवढंच सांगितलं, "उद्या बायाइची तपासनी हाय. मानसाइनं घरी लेकरं सांभाळावं." चौकातल्या दुकानदाराच्या सुनेला, रंजीताला डाग निघाला तेव्हा ती रडत सरपंचबाईच्या घरी आली. बेबीताई तिला घेऊन वाशिमला गेली आणि केळी या वेळी तिनं स्वतःच्या पिशवीत ठेवली.

साक्षीच्या लशीला ती जऊळक्याला ऐटीत गेली. वर्गातल्या पोरी आणि त्यांच्या आया बसल्या होत्या. बेबीताईनं सगळ्यांना धीर दिला, डागाची गोष्ट सांगितली, सुई मुंगी चावल्यासारखी असते म्हणून सांगितलं. साक्षीचा नंबर आला. नर्सनं बाही वर केली, सुई दंडात गेली. साक्षीनं डोळासुद्धा मिचकावला नाही.

"झालं, आई," ती म्हणाली आणि वळून बघितलं, तर आई भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकत होती.

लस घेतलेल्या मुलींना अर्धा तास बसवून ठेवायचं असतं. त्यासाठी एक खाट होती. त्या खाटेवर बेबीताईला आडवं करण्यात आलं, नर्सनं तोंडावर पाणी मारलं आणि साक्षी उशाशी बसून वहीनं वारा घालू लागली. शेजारच्या बाईनं काळजीनं विचारलं, "तुमाले कोनती लस देली व बाई?"

"मले नाई, पोरीले देली," बेबीताई डोळे न उघडता म्हणाली. "तुमी जा, घ्या. काई होत नाई."