टाइल्सचा गोठा

लोणखेड्यात कुणाचं काही अडलं की भिलाभाऊ सल्ला द्यायचे, आणि न विचारताही द्यायचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढल्यामुळे सगळे सरकारी नियम आपल्याला तोंडपाठ आहेत, असा त्यांचा समज होता. वजनकाट्याचा आणि नियमांचा काय संबंध, हे विचारायचा नाद त्यांच्या बायकोने, कौसाबाईंनी, केव्हाच सोडला होता.

लेक चेतना पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. कौसाबाईंनी सांगून टाकलं, "चेतना येवाना पहिले मांगे एक खोली जोयजे. संडास-बाथरूम सुद्धा." घरात दोनच खोल्या, आणि भिलाभाऊंचं घोरणं दोन्हींना पुरायचं.

खोलीला ग्रामपंचायतीची परवानगी लागते, एवढं भिलाभाऊंना ठाऊक होतं. पण ग्रामसेविका रुचिका मॅडमपुढे अर्ज घेऊन उभं राहायचं, म्हणजे आपल्याला एखादी गोष्ट विचारावी लागते हे अख्ख्या गावाला दाखवायचं. त्यापेक्षा त्यांनी चहाच्या टपरीवर स्वतःच निकाल दिला, "माणूस ऱ्हास तठे परवानगी लागस. ढोर ऱ्हास तठे लागस नही." झालं, मागची खोली कागदावर न येताच गोठा झाली.

शहाद्याचा अनीस मिस्त्री चांगला कारागीर. त्याने भिंती उभ्या केल्या, पत्रे टाकले, गुलाबी टाइल्स बसवल्या. पण आरसा ठोकायची वेळ आली तेव्हा त्याला राहवेना.

"काका, म्हैसले पंखा मी समजनू. पन आरसा कसाले?"

"तू ठोक," भिलाभाऊ म्हणाले.

चौथ्या दिवशी रुचिका मॅडम दारात. टाइल्स पाहिल्या, पंखा पाहिला, कमोडपाशी बराच वेळ थांबल्या.

"हे काय आहे?"

"गोठा शे."

"जनावर कुठंय?"

"सारंगखेडानी यात्रामाईन येई ऱ्हायनं," भिलाभाऊंनी ठोकून दिलं. मॅडम म्हणाल्या, परवा बघायला येते.

कौसाबाईंचा भाऊ नवनीत सारंगखेड्याला राहायचा. त्याने तिथल्या घोड्यांच्या यात्रेत नुकतीच एक पांढरी घोडी घेतली होती. भिलाभाऊंनी फोनवर अशी काही गयावया केली की नवनीत घोडी पिकअपमध्ये घालून घेऊन आला. घोडी बिचकत टाइल्सवर चढली, आरशात स्वतःला पाहिलं आणि तिथेच खिळली. मॅडम आल्या आणि वहीत लिहू लागल्या, 'गोठा, घोडी एक.' भिलाभाऊंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. चेतना दोन दिवस आधीच आली होती. सातवा महिना, हातात पिशवी, आणि तिच्या खोलीत घोडी.

कौसाबाईंचा बांध फुटला. "लिखू नका मॅडम. मन्ही पोरनी खोली शे ती."

मॅडमनी वही मिटली. "काका, खोली असो नाहीतर गोठा, बांधायच्या आधी विचारायचं असतं. जागा तुमच्या नावावर आहे, हद्दीपासून अंतरही सोडलंय. आधी आला असतात तर मी कशाला अडवलं असतं?"

भिलाभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता घोडी बाहेर काढायची, तर ती हलेना. नवनीतने लगाम ओढला, चारा दाखवला. "दाजी, तिले आठे करमनं," तो म्हणाला. शेवटी अनीसला बोलावून आरसा उतरवला, तो भिलाभाऊंनी छातीशी धरला आणि ते उलट्या पावलांनी अंगणातून गल्लीतल्या पिकअपकडे निघाले. समोरून घोडी आरशात बघत झुलत येत होती. टपरीवरची माणसं चहा टाकून पाहायला आली. ज्या गावापुढे एक अर्ज हातात धरायची लाज वाटली होती, त्याच गावापुढे आता आरसा धरून वरात चालली होती.

घोडी पिकअपमध्ये चढली. भिलाभाऊ घामाघूम होऊन ओट्यावर बसले. चेतना हसून हसून पोट धरून बसली होती. "आबा, मन्हासाठे इतलं?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मॅडमनी अर्जाचा कागद पुढे केला. भिलाभाऊंनी चष्मा लावला, कागद उलटसुलट केला आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं, "मॅडम, आठे काय लिखू?"

"बांधकाम कशासाठी, ते. खरं लिहा."

त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'लेकीसाठी.' मग मांडीवरच्या आरशाकडे पाहिलं.

"आनि मॅडम, हाऊ परत ठोकाले येगळी परवानगी लागी का?"